औषधपेटी : काकांच्या घोट्यांना दहा गुण

(औषधं आणि त्यांच्या दुष्परिणामांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांचं सदर. उत्तरं देणाऱ्या डॉक्टर मुंबईतल्या वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवत होत्या. निवृत्तीनंतर त्या ठाण्यात राहतात आणि दुष्परिणामांच्या नोंदी तपासणाऱ्या समितीवर अजूनही काम करतात.)

प्रश्न : मॅडम, माझं वय ७१. बँकेतून निवृत्त, मुक्काम नौपाडा. गेल्या दिवाळीत रक्तदाबासाठी अम्लोडिपिन ५ सुरू झाली. मार्चमध्ये ती १० केली. त्यानंतर दोन्ही घोटे सुजू लागले, संध्याकाळी चप्पल पायात शिरत नाही. टूडी एको, किडनी, लिव्हर, थायरॉइड सगळं नॉर्मल. मे महिन्यात लग्नासाठी साताऱ्याला गेलो तेव्हा गोळ्यांची पिशवी घरीच राहिली. दहा दिवसांत सूज उतरली. परत आल्यावर गोळी सुरू केली, सूज पुन्हा हजर. मग दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी वाढवली. सूज आहे तशीच. आता रात्री तीन-चारदा उठावं लागतं आणि उठताना गरगरतं. सौ. म्हणते, वय झालं. खरंच वय झालं का?

उत्तर : काका, तुमच्यासारखं पत्र लिहिणारे पेशंट मिळाले तर आमचं निम्मं काम हलकं होईल. महिने आहेत, मिलिग्रॅम आहेत, रिपोर्ट आहेत. आमच्या समितीपुढे येणाऱ्या कित्येक फॉर्मांवर ‘बीपीची गोळी, पाय सुजले’ एवढंच असतं. कुठली गोळी, किती ताकदीची, कधीपासून, काही पत्ता नाही.

म्हणून तुमचं पत्र तपासायलाच घेतलं. एखादा त्रास औषधामुळेच झाला की योगायोगाने, हे ठरवायला आम्ही एक प्रश्नावली वापरतो. टोरांटोच्या नारान्जो आणि सहकाऱ्यांनी ती १९८१ साली तयार केली. दहा प्रश्न, प्रत्येकाला ठरलेले गुण. या औषधाने असा त्रास होतो हे आधीपासून पक्कं ठाऊक आहे का? अम्लोडिपिनबाबत आहे, १ गुण. त्रास गोळी सुरू झाल्यानंतर आला का? हो, २. गोळी थांबल्यावर ओसरला का? साताऱ्यात ओसरला, १. पुन्हा घेतल्यावर परत आला का? आला, २. दुसरं काही कारण सापडतं का? हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड सगळं तपासून झालं, तिथे काही नाही, म्हणून २. डोस वाढल्यावर त्रास वाढला का? पाचची दहा झाली आणि चप्पल बसेनाशी झाली, १. त्रास प्रत्यक्ष दिसतो का? अंगठ्याने दाबल्यावर घोट्यावर खळगा पडत असेल आणि तो तुमच्या डॉक्टरांनी पाहिला असेल, तर आणखी १. उरलेल्या तीन प्रश्नांना तुमच्या बाबतीत शून्य. बेरीज दहा. नऊ किंवा त्याहून जास्त गुण पडले की आम्ही ‘निश्चित’ असा शेरा मारतो. हा शेरा फार क्वचित मारायला मिळतो, कारण बंद केलेलं औषध मुद्दाम पुन्हा देऊन बघायला कोण धजणार? तुमच्या विसरभोळेपणाने ते आपोआप घडलं. (पुन्हा मात्र विसरू नका. रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणं घोट्याच्या सुजेपेक्षा कितीतरी महागात पडतं.)

पाण्याच्या गोळीने सूज का उतरली नाही, तेही सांगते. अम्लोडिपिन बारीक धमन्या सैल करते, रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. त्यामुळे मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपून घोट्याशी साचतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, ते नको तिथे जाऊन बसलेलं असतं. लघवीवाटे पाणी काढून घोट्याला फारसा फरक पडत नाही. तुम्ही मात्र कोरडे पडता, सोडियम-पोटॅशियम खाली येतं, उठल्यावर रक्तदाब घसरतो. मग गरगरण्यासाठी चक्करेची गोळी येते. एका गोळीच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरी गोळी देण्याच्या या साखळीवर पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ हे दोघं डॉक्टर-संशोधक १९९०च्या दशकापासून लिहीत आहेत. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतातल्या वयस्कर लोकांच्या नोंदी चाळून २०२०मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अम्लोडिपिनच्या जातीची गोळी नव्याने सुरू झालेल्यांत पुढच्या तीन महिन्यांत पाण्याची गोळी लागण्याचं प्रमाण रक्तदाबाच्या इतर गोळ्या घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट निघालं. ही चूक एकट्यादुकट्या डॉक्टरची नव्हे. एक डॉक्टर बीपी बघतो, दुसरा सूज बघतो, आणि दोघांची कागदपत्रं वेगवेगळ्या फायलीत असतात.

या आठवड्यातच सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. रक्तदाब आधी बसून आणि मग उभं राहून मोजायला सांगा. दोन्ही डॉक्टरांच्या सगळ्या गोळ्या, झालंच तर गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली वेदनाशामकंसुद्धा, एकाच पिशवीत घालून पहिल्या डॉक्टरांपुढे ठेवा. डोस परत पाचवर आणता येईल का, सोबत टेल्मिसार्टनसारखं औषध देता येईल का, की अम्लोडिपिनच बदलायची, हे ते ठरवतील. टेल्मिसार्टनच्या गटातल्या औषधांनी शिराही सैल होतात, त्यामुळे ही सूज बऱ्याचदा कमी होते. वेदनाशामक, पाण्याची गोळी आणि टेल्मिसार्टन ही तिन्ही एका वेळी पोटात गेली तर किडनीवर ताण येतो, म्हणून पिशवीत काही लपवू नका.

आणि सौं.ना सांगा, वयाचा यात संबंध असलाच तर थोडासा.

प्रश्न : कोविडपासून सासूबाई रोज अनशापोटी गुळवेलीचा रस घेतात. दीर येऊरला फिरायला जातात, तिथून ताजी वेल आणतात. सासूबाईंना थायरॉइडचा त्रास आहे. मी काही म्हटलं की ऐकायला मिळतं, “आयुर्वेदिकला कसले साइड इफेक्ट?” — एक सून, वर्तकनगर

उत्तर : जे शरीरात काही घडवतं, ते नको तेही घडवू शकतं. याला कुठलीच पॅथी अपवाद नाही.

२०२१मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या बऱ्याच जणांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. थायरॉइडच्या बऱ्याच त्रासांसारखे स्वप्रतिकाराचे आजार असणाऱ्यांनी अधिक जपावं, ते याच कारणाने. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता की ती वनस्पती गुळवेलच होती कशावरून, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती आहेत. मुद्दा रास्त आहे. पण मग येऊरहून आणलेली वेल कुठल्या जातीची, हे तुमच्या घरात कोण ओळखतं? (येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथली वेल तोडून आणायची नसते, हेही दिरांच्या कानावर घाला.)

सासूबाईंशी वाद घालू नका. रस थांबवून एकदा लिव्हरची तपासणी करून घेऊ, एवढंच म्हणा. भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं आणि रसाचं नाव आधी घ्यायचं. डॉक्टर ‘काय काय औषधं घेता’ विचारतात तेव्हा काढे, चूर्णं, रस कुणी सांगतच नाही. ते औषधांत मोजतच नाहीत ना! आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा सरकारने २०१८पासून उभी केली आहे. दिल्लीची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था ती चालवते. तेव्हा ‘आयुर्वेदिकला कसले साइड इफेक्ट’ हे खुद्द आयुर्वेदवालेही म्हणत नाहीत.

प्रश्न : डॉक्टर, मी बी.फार्म. आहे. ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये एका कंपनीत पीव्हीमध्ये (फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख) केस प्रोसेसिंग करते, नाइट शिफ्ट. अमेरिकेतून आलेल्या साइड इफेक्टच्या केसेस भरायच्या, कोड लावायचा, नॅरेटिव्ह (केसची हकीकत) लिहायचं, टाइमलाइन चुकली की लीड ओरडतो. औषध ट्रायलमध्ये पास झाल्यावरच बाजारात येतं, मग या सगळ्याचा उपयोग काय? आई म्हणते, डेटा एन्ट्रीच करायची होती तर फार्मसी कशाला शिकलीस? ता. क. : आमच्या डोंबिवलीच्या आजीला फिट्सची नवी गोळी सुरू केल्यावर अंगभर पुरळ आलं होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली, आता बरी आहे.

उत्तर : अगं, तुझ्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तू ता. क.मध्ये ढकललास. तिथे येतेच, आधी आईला उत्तर.

एखाद्या चाचणीत ३००० लोकांना औषध दिलं आणि एक विशिष्ट गंभीर त्रास कुणालाच झाला नाही, तर आपल्याला खात्रीने काय म्हणता येतं? एवढंच की तो त्रास बहुधा हजारात एकापेक्षा जास्त होत नसावा. तीन भागिले तपासलेल्यांची संख्या, असा हा साधा नियम आहे. तोच त्रास दहा हजारांत एकाला होत असेल तर ती चाचणी त्याबाबत बहुधा मुकीच राहणार. तेच औषध पुढे एक कोटी लोकांनी घेतलं की हजार माणसांना तो त्रास होतो. शिवाय चाचणीत माणसं निवडून घेतलेली असतात. गरोदर बायका नाहीत, किडनी अधू झालेले नाहीत, वर उत्तर दिलेल्या काकांसारखे चार गोळ्या एकदम घेणारे बहुतेक वेळा नाहीत. औषधाची खरी परीक्षा ते मेडिकलच्या काउंटरवर आल्यावर सुरू होते.

थॅलिडोमाइड हे झोपेचं औषध, गरोदरपणातल्या मळमळीवरही घेतलं जाणारं, पश्चिम जर्मनीत ऑक्टोबर १९५७मध्ये बाजारात आलं आणि नोव्हेंबर १९६१मध्ये मागे घेतलं गेलं. मधली चार वर्षं हातपाय आखूड असलेली बाळं जन्माला येत होती. जगभरात अशा बाळांची संख्या १० हजारांच्या वर गेली. ती बाळं डॉक्टरांनी पाहिली नव्हती असं नाही. प्रत्येकाने आपल्यापुरतं एखादंच पाहिलं होतं, आणि ती सगळी एका जागी मांडून बघण्याची सोय कुठेच नव्हती. हॅम्बुर्गचे लेन्झ आणि सिडनीचे मॅकब्राइड यांनी ती आपापल्या ठिकाणी मांडली, तेव्हा धागा जुळला. त्यातूनच १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेची औषध-देखरेख योजना निघाली. १९७८पासून तिचं काम स्वीडनमधल्या उप्पसालातून चालतं. तू पहाटे तीनला भरलेली केस अमेरिकेतल्या नोंदींत जाते, तिथल्या नोंदीही उप्पसालात पोहोचतात. आता ही डेटा एन्ट्री आहे का, ते आईनेच ठरवावं.

नॅरेटिव्ह लिहायचा कंटाळा करू नकोस. वैध केसला चारच गोष्टी लागतात, हे तुला ट्रेनिंगमध्ये सांगितलंच असेल : ओळख पटेल असा रुग्ण, माहिती देणारा, संशयित औषध आणि त्रास. चार रकाने भरले की सॉफ्टवेअर खूश. पण पुढे माझ्यासारखीला निवाडा करताना या रकान्यांचा फारसा उपयोग होत नाही. गोळी थांबल्यावर काय झालं, त्या आठवड्यात दुसरं काय चालू होतं, हे सगळं नॅरेटिव्हमध्ये असतं. ते ज्या मुलीने नीट वाचून लिहिलंय तिची केस लगेच ओळखू येते.

आता आजी. नव्या गोळीनंतर अंगभर पुरळ येणं ही किरकोळ गोष्ट नाही. पत्रात तू गोळीचं नाव दिलेलं नाहीस, पण समज ती कार्बामॅझेपिन असेल. या औषधाने काही लोकांत कातडी सोलवटून निघण्याइतकी भयंकर प्रतिक्रिया येते. तिचा एका जनुकाच्या विशिष्ट प्रकाराशी संबंध असतो, हे २००४मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवलं. तो प्रकार युरोपीय वंशाच्या लोकांत जवळजवळ नसतोच, आशियाई लोकांत बऱ्यापैकी असतो. २००७मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने आशियाई वंशाच्या रुग्णांना हे औषध देण्याआधी जनुकाचा तो प्रकार आहे का ते तपासा, असा इशारा घातला. म्हणजे जो धोका आपल्यासारख्यांना जास्त, तो तैवानने मांडला आणि त्याचा इशारा अमेरिकेने छापला. फक्त तिकडच्याच नोंदी बघत बसलो असतो तर तो कधी दिसलाही नसता.

तू अमेरिकेतल्या कुणा आजीच्या पुरळाला बिनचूक कोड लावतेस. डोंबिवलीच्या आजीचं पुरळ कुठे लिहिलंय? घरातल्या गप्पांत. तुझ्या मजल्यावरच्या सगळ्यांनी घरी काय घडलं ते विचारून एकेक नोंद केली, तर ठाणे-नवी मुंबईतून किती नोंदी जातील बघ. आणि त्या वाया जात नाहीत. पाळीच्या दुखण्यासाठी मुली सर्रास घेतात ते मेफेनामिक ॲसिड आठव. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी भारतीय औषधकोश आयोगाने त्याबद्दल सूचना काढली. ताप, पुरळ, गाठी सुजणं आणि आतल्या अवयवांना इजा, अशी एक गंभीर प्रतिक्रिया त्याने येऊ शकते. ही सूचना आपल्याच देशातल्या नोंदी चाळून निघाली होती.

आजीच्या गोळीचं नाव एका चिठ्ठीवर लिहून तिच्या फाइलच्या पहिल्याच पानाला चिकटव, ‘ही देऊ नये’ असं ठळक अक्षरांत. हे आजच कर. आणि मग फॉर्म भर. तुला शिकवायला नको.

प्रश्न : माझा आतेभाऊ ३८व्या वर्षी जिममध्ये कोसळून गेला. त्याने कोविशील्डचे दोन्ही डोस घेतले होते. २०२४मध्ये लसीच्या मूळ कंपनीने, ॲस्ट्राझेनेकाने, लंडनच्या कोर्टात गुठळ्यांची कबुली दिल्याच्या बातम्या आल्या, तेव्हापासून आमच्या घरात कुणाला झोप नाही. खरं काय ते सांगा. — नेरूळ

उत्तर : भावाच्या जाण्याचं फार वाईट वाटलं.

गुठळ्यांचा तो दुष्परिणाम खरा आहे, आणि तो कोर्टातल्या त्या कागदाच्या खूप आधी, २०२१च्या वसंतातच वैद्यकीय नियतकालिकांत आला होता. त्यात गुठळ्या होतात आणि जोडीला प्लेटलेट कमी होतात. तो लस घेतल्यापासून साधारण ४ ते ४२ दिवसांत दिसतो. तीन वर्षांनी अचानक उद्भवत नाही. तुमच्या भावाला लस कधी दिली आणि तो कधी गेला, या दोन तारखा शेजारी ठेवून बघा.

तरुणांच्या अचानक मृत्यूंबाबत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाचे असे ७२९ मृत्यू घेतले आणि प्रत्येकाशी वय, लिंग आणि वस्ती जुळणारी जिवंत माणसं शोधली, एकूण २९१६. मग दोन्हीकडे काय काय वेगळं होतं ते पाहिलं. लसीने धोका वाढलेला दिसला नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा : कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावं लागणं, कुटुंबात आधी असे अचानक मृत्यू झालेले असणं, मृत्यूआधीच्या ४८ तासांत अतोनात दारू किंवा जोरकस व्यायाम. कुटुंबातला इतिहास आता तुमच्या कुटुंबालाही लागू होतो, म्हणून भावाच्या सख्ख्या भावंडांनी हृदय एकदा तपासून घ्यावं. माझ्या उत्तरातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

एक गोष्ट मात्र मी सरकारच्या बाजूने बोलणार नाही. मे २०२१मध्ये आरोग्य मंत्रालयाने सांगितलं की आपल्याकडे गुठळ्यांचं प्रमाण दहा लाख डोसमागे ०.६१ आहे, ब्रिटनमध्ये ४ आणि जर्मनीत १०. त्यावर पाठ थोपटून घेणाऱ्यांना मला विचारावंसं वाटतं, की छेद आपल्याला बरोबर माहीत होता, किती डोस दिले ते मोजलेलं होतं. पण अंश? गुठळी झालेला प्रत्येक माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचला का? त्याची प्लेटलेट तपासली गेली का? तपासलेली नोंद वर गेली का? शिवाय हा दुष्परिणाम तरुणांत जास्त, आणि आपल्याकडे आरोग्य आणि आघाडीच्या कर्मचाऱ्यांनंतर सुरुवातीचे डोस गेले ज्येष्ठांना. ०.६१मध्ये कमी धोका किती आणि कमी नोंद किती, हे त्या आकड्यावरून वेगळं काढता येत नाही.

प्रश्न : वाशीत माझं मेडिकलचं दुकान आहे. गिऱ्हाईक येऊन सांगतं, या गोळीने खाज आली, त्या सिरपने बाळ गुंगलं. मी दुसरा ब्रँड देतो आणि विषय संपतो. केमिस्टला नोंद करता येते का? मागाहून पोलीस-कोर्टाचं लफडं तर नाही ना?

उत्तर : येते, आणि लफडं काही नाही. नोंद म्हणजे तक्रार नव्हे. रुग्णाचं नाव लिहायचं नसतं, आद्याक्षरं पुरतात. औषधामुळेच त्रास झाला हे तुम्ही सिद्ध करायचं नाही, नुसता संशय पुरे. सिद्ध करायला आम्ही बसलोय.

अशा नोंदी जमवणारी राष्ट्रीय योजना २०१०मध्ये सुरू झाली, तिचं मुख्यालय गाझियाबादच्या औषधकोश आयोगात आहे. कामाच्या दिवशी १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. डॉक्टर, नर्स आणि तुमच्यासारख्या फार्मासिस्टसाठी एक फॉर्म आहे, सामान्य माणसासाठी दुसरा सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही मिळतो. चार प्रती काढून काउंटरखाली ठेवा. फक्त ‘दुसरा ब्रँड देतो’ हे तेवढं थांबवा. खाज औषधाला आली असेल तर ब्रँड बदलून तेच औषध पुन्हा पोटात जातं. आणि गुंगलेल्या बाळाला तर आधी डॉक्टरकडे धाडायचं, सिरपची बाटली बरोबर देऊन.

माझी एक मागणी आहे. गिऱ्हाईक चार गोळ्या मागतं, तुम्ही कात्रीने स्ट्रिप कापता. बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बहुतेक स्ट्रिपवर एकाच टोकाला असते. त्या टोकाकडून कापलं की दुकानातल्या उरलेल्या सहा गोळ्या निनावी. दुसऱ्या टोकाकडून कापलं तर गिऱ्हाइकाच्या हातातल्या चार निनावी. समितीपुढे निम्म्या फॉर्मांवर बॅचचा रकाना रिकामा येतो, तो असा. नंबराचं टोक दुकानात ठेवा आणि कापलेला तुकडा देताना बिलावर बॅच नंबर न चुकता लिहा. बिल न मागणाऱ्यालाही द्या.